शालन, खोकं माझ्याकडंच आहे

अगं ए शालन, ये इकडं. अशी भिंतीवर लांब जाऊन बसलीस ते शोभतं का तुला? खाली उतर, माझ्या जवळ बस. सुजातानं तुझा फोटो लावलाय, हार घातलाय. लेकीनं केलं ते चांगलंच केलं. पण फोटोत तू अशी हसतेस की सगळ्या खोलीकडं बघतेस आणि मी जिथं बसते त्या कोपऱ्याकडं तेवढं बघत नाहीस. जन्मभर हेच केलंस. मी दोनदा जागा बदलून बघितली, तरी तेच.

आणि ही काय जायची रीत झाली? माझ्या उंबऱ्यात उभी राहून म्हणालीस, "येतो गं इंदे. चारला चहा ठेव." मी चहा ठेवला. आलं किसून घातलं, तुझ्यासाठी साखर कमी घातली. तू तिकडं जेवून जरा आडवी झालीस ती उठलीच नाहीस. इकडं चहा उकळून काळा झाला आणि मी तुला मनात शिव्या देत होते, म्हटलं आली असेल कुणी चंदगडची नाहीतर इचलकरंजीची, आणि बसली असेल ही तिच्याशी बोलत. तेवढ्यात सुजाताची हाक ऐकू आली. गल्ली ओलांडायला किती वेळ लागतो? पण त्या दिवशी ती गल्ली संपता संपेना.

आता खरं सांगते, रागावू नको. तुझ्या घरात शिरले तेव्हा मला आधी रडू आलं नाही. आधी दिसली ती पारू. चंदगडची, काजू आणणारी, तुला काकी म्हणणारी. ती त्या दिवशी नेमकी तुझ्याकडं आलेली, आणि तुझ्या पायाशी बसली होती, तुझे पाय मांडीवर घेऊन. शालन, ती जागा माझी होती. मंगळवार पेठेत समोरासमोर दारं आपली, एकीच्या फोडणीनं दुसरीला ठसका लागायचा. आणि पाय कुणाच्या मांडीवर? एसटीनं डोंगरातनं उतरून आलेल्या बाईच्या. मी कडेला उभी राहिले पाव्हण्यासारखी.

तुझ्या मालकांपासून सुरुवात झाली या सगळ्याला. भाऊजी एसटीच्या वर्कशॉपात होते, बोलायला मोजकं, हसायला मोकळं. त्यांना ब्लडप्रेशर निघालं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, रोज एक, जन्मभर. ती गोळी अशी महाग की महिन्याची औषधं आणली की महिन्याचा किराणा बसल्या जागी अर्धा व्हायचा. भाऊजींनी आपलं डोकं चालवलं. एक दिवसाआड घ्यायला लागले. तुला म्हणाले नाहीत, कुणालाच म्हणाले नाहीत. अर्धांग झालं आणि दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा वाकड्या तोंडानं सांगितलं, "बरं वाटत हुतं की. म्हटलं, तेवढीच बचत." त्यातनं ते उठले नाहीत.

तू महिनाभर शिलाई मशीनला हात लावला नाहीस. आख्ख्या गल्लीची पोलकी शिवणारी बाई, तुझ्या मशीनचा आवाज बंद पडला तर आम्हाला आमचं घर परकं वाटायला लागलं. मी रोज भाकरी आणून द्यायचे. ते दिवस, कसं सांगू, वाईट होते, पण तू माझी होतीस. कुणी दुसरं यायचं नाही. माझं तोंड पाप बोलतंय, पण तू गेल्यावर तरी खोटं कशाला बोलू?

मग एके दिवशी भिशीला आलीस. आपली महिन्याची भिशी, आक्कांच्या सोप्यात. आक्का म्हणजे भिशीच्या मुकादमच, चिठ्ठी काढल्याशिवाय कुणाला चहासुद्धा देत नव्हत्या. सगळ्या बसल्या आणि तू म्हणालीस, "मला खरं सांगा, रोजची गोळी रोज कोण कोण घेतंय?"

मग एक म्हणाली, "सोमवार गुरवार उपास असतोय, त्या दिवशी न्हाई घेत. उपासाला चालती का न्हाई कुणाला ठावं." दुसरी म्हणाली, "आमी नवराबायकू अर्धी अर्धी घेतो. त्यास्नी बी प्रेशर, मला बी प्रेशर." तिसरी म्हणाली, "डोकं गरगरलं की घेतो मी. उगं कशाला रोज वाया घालवायची?" आणि सगळ्या हसायला लागल्या. तू हसली नाहीस. तू म्हणालीस, "आमचं मालक बी असंच हुशार हुतं."

तिथनं तू जी उठलीस ती पुन्हा माझ्या एकटीच्या हाताला लागली नाहीस.

किती दुकानं पालथी घातलीस. एकच गोळी, आत तेच औषध, पण एका कंपनीच्या पाकिटाला सोन्याचा भाव आणि दुसरीच्या पाकिटाला कोण विचारत नाही असा. मला हे पटायचं नाही. मी म्हणायचे, "शालन, स्वस्तातलं लुगडं पहिल्या धुण्याला रंग सोडतंय. महाग ते महाग उगंच असतंय व्हय?" तू म्हणायचीस, "गोळीला काठपदर असतोय का गं इंदे? पोटात गेल्यावर कोण बघतंय?"

डॉक्टरांकडं मला घेऊन गेलीस. मला वाटलं, सोबतीला नेते आहे. तिथं गेल्यावर कळलं, मला दाखवायला नेलं होतंस. डॉक्टर चांगले होते, पण म्हणाले, "मी लिहिलंय तेच घ्या बाई, मला या कंपनीची खात्री आहे." तर तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "डॉक्टरसाहेब, ही आमची इंदू. माहेरची ही सखू. लग्नात नाव बदललं. नाव बदललं म्हणून बाई बदलली का? तुमी गोळीचं सासरचं नाव लिवताय, जरा माहेरचं नाव लिवून द्या. मग आमी तिला कुठं बी हुडकून काढतो."

डॉक्टर एवढे हसले की बाहेरचे पेशंट आत डोकावले. पण तेही काही कच्चे नव्हते. म्हणाले, "लिहून देतो. पण ज्या कंपनीची आणाल ती आधी मला दाखवायची, आणि महिन्याला सगळ्याजणींनी येऊन प्रेशर तपासायचं. कबूल?" तू कबूल म्हणालीस. मला कुणी विचारलंच नाही. सखू हे माहेरचं नाव इथं तुला एकटीला सांगितलं होतं मी, विहिरीवर धुणं धुताना. ते तू दवाखान्यात वाटलंस. पुढं सगळ्या कोल्हापुरात वाटलंस, जाईल तिथं तोच दाखला, इंदू आणि सखू. माझ्या नावाचा तुला भारी सोस होता. माझा होता का, ते मात्र कधी बोलली नाहीस.

मग घाऊक दुकानदार शेठजी तयार झाले. म्हणाले, चिठ्ठ्या डॉक्टरांच्या आणा, माल एकदम उचला, तुम्हाला घाऊकच्या भावात देतो. तेव्हा तू भिशीत बोललीस की एक भिशी पैशाची चालू दे, दुसरी गोळ्यांची करू. सगळ्यांनी मिळून पैसे घालायचे आणि जिला जी लिहून दिली ती गोळी आणायची. गल्लीच्या तोंडाचा औषधवाला सांगत फिरला, "स्वस्ताच्या गोळीत खडू असतोय, बायकांनी यात पडू नये." तू त्याच्या दुकानासमोर उभी राहून म्हणालीस, "पाव्हणं, खडू असला तर पोरांच्या शाळंला देऊ. तुमी काळजी करू नका."

गोळ्यांचं खोकं आलं तो दिवस तुला आठवतोय ना? मला न आठवायला काय झालं. तू एकेकीच्या पोलक्यातलं उरलेलं कापड घेऊन इवल्या पिशव्या शिवल्या होत्यास. वाचता येवो न येवो, आपल्या पोलक्याचं कापड कुठली बाई ओळखणार नाही? ज्या त्या पिशवीत जिची तिची गोळी. तुझी आणि माझी पिशवी तेवढी एकाच कापडाची होती, निळ्या. ते कापड आपण दोघींनी मिळून घेतलं होतं, महाद्वार रोडला, भांडून भांडून भाव करून. ओळखायला तू तुझ्या पिशवीच्या नाडीला एक गाठ मारलीस.

वाटायची वेळ आली आणि आक्कांनी हात आडवा घातला. "चिठ्ठी न काढता भिशी वाटायची न्हाई. रीत मोडली की भिशी मोडती." तू म्हणालीस, "आक्का, ही पैशाची भिशी न्हवं." आक्का कुठल्या ऐकतात? मग नावापुरती चिठ्ठी काढायची ठरली. तांब्यात चिठ्ठ्या टाकल्या, हलवल्या, काढली. इंदू.

सगळ्या म्हणाल्या, झालं एकदाचं, आता वाटा. मी उठले, खोकं उचललं, काखेत मारलं आणि घरी आले.

तू मागनं पळत आलीस. "इंदे, येडी झालीस काय? खोकं दे."

"भिशी लागली म्हंजे लागली," मी म्हणाले.

"अगं तुला काय करायच्यात दुसऱ्याच्या गोळ्या? तू काय खाणार हाईस सगळ्या?"

"जिला गोळी पायजे तिनं माझ्या दारात यायचं. रोज सकाळी. तू बी."

तू माझ्याकडं बघितलंस. किती तरी वेळ बघितलंस. मला वाटलं, आता हिसकावून घेशील. पण तू पदरानं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "चहा देणार का मग?"

शालन, तो महिना. रोज सकाळी न्याहारी झाली की आख्खी गल्ली माझ्या सोप्यात. जिची तिची पिशवी मी काढून द्यायची, हातावर गोळी ठेवायची आणि गिळल्याशिवाय उठू द्यायची नाही. उपासवालीला मी सांगितलं, "गोळी म्हंजे काय भजी न्हवं, गीळ." अर्धी अर्धीवालीला म्हणाले, "नवऱ्याला बी घेऊन ये, त्याची बी चिठ्ठी करू." आमचे हे पेपर वाचायला मागच्या परड्यात जाऊन बसायचे बिचारे. आणि तू सगळ्यात शेवटी यायचीस आणि सगळ्यात शेवटी जायचीस. मला तेवढंच हवं होतं. बाकीच्यांच्या प्रेशरचं मला काय पडलं होतं तेव्हा?

महिन्यानं डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं आणि म्हणाले, "हे कसं केलंत? सगळ्यांचं उतरलंय." गोळी स्वस्त झाली होती, आणि रोज पोटातही जात होती. स्वस्त गोळी घरच्या डब्यात पडून राहिली असती तर तिचाही भाऊजींच्या गोळीसारखाच उपयोग झाला असता. त्या दिवसापासून ठरलं की जिची चिठ्ठी निघेल तिच्या घरी महिनाभर खोकं, आणि सगळ्यांनी तिच्या दारात जायचं. किती वर्षं चाललं हे. आक्का गेल्या, सुना आल्या, पोरांच्या हातात मोबाईल आले, पण खोकं फिरत राहिलं.

आणि नाव काय पडलं? शालनताईंची गोळ्यांची भिशी.

पेपरवाला आला तेव्हा तू मधे, खोकं मांडीवर. मी तुझ्या शेजारी उभी होते, छापून आलं तेव्हा माझा फक्त कोपर आला. कोपर. बांगड्या ओळखल्या म्हणून आमच्या ह्यांनी तरी ओळखलं. मग इचलकरंजीहून यंत्रमागवाल्यांच्या बायका यायला लागल्या, त्यांच्यात कुणाला दमा, कुणाला साखर, तू त्यांच्या शेडच्या पाळ्या सांभाळून त्यांना वेळा लावून दिल्यास. मग पारू आली, तिच्या सासूला झटके यायचे, गोळी चुकली की झटका. तू पावसाळ्यात एसटीनं चंदगडला जायला लागलीस, छत्री मोडून, भिजून, खोकत परत यायचीस. मी म्हणायचे, "तुला कोण डॉक्टर म्हणून पाठवतंय काय तिकडं?" तू हसायचीस आणि पारूनं दिलेले काजू माझ्या पुढं ओतायचीस. मी ते काजू खाल्ले नाहीत कधी. नातवंडांना दिले. आता कळलं ना, तुला वाटायचं मला काजू बाधतात.

एकदाच विचारलं मी तुला. गेल्या दिवाळीच्या आधी, आपण दारात उन्हाला बसलो होतो. "शालन, खोकं घरी ठेवायची रीत कुणी काढली, हे तू लोकांना का सांगत न्हाईस?"

"काय सांगू? इंदू खोकं घेऊन पळाली म्हणून सांगू?"

"व्हय, सांग की."

"तुझी अब्रू जाईल."

"माझी अब्रू माझ्यापाशी. तू माझं नाव खाल्लंस."

तू सुईत दोरा ओवत होतीस. ओवलास आणि म्हणालीस, "तुला काय कळतंय." तेवढ्यात कुणीतरी आलं, तू उठलीस आणि ते तिथंच राहिलं. तुला काय कळतंय. सांगितलं असतंस तर कळलं असतं की.

तुमच्यात बौद्ध रीतीनं पुण्यानुमोदन झालं त्या दिवशी मी आले होते, मागं बसले होते. वंदना झाली, तुझ्याविषयी लोक बोलले. चांगलं बोलले, पण मला सगळ्यांचा राग येत होता. जो तो म्हणतो, ताई माझ्या अगदी जवळच्या. किती जणांच्या जवळ होतीस गं तू? जवळ म्हणायला काही लांब राहिलं की नाही?

मग जेवणाच्या पंगतीत पारू माझ्या शेजारी येऊन बसली. मी ताटात बघत होते. ती म्हणाली, "काकी, तुमीच इंदूकाकी न्हवं?"

"व्हय. का?"

"आमच्या गावात मी इंदू हाय."

मला वाटलं, हिचंही नाव इंदू असेल, पारू हे घरचं असेल. ती हसली, डोळे पुसत पुसत. म्हणाली, "तसं न्हवं. शालनकाकी पयल्यांदा आमच्यात आल्या, सगळ्या बायका गोळा केल्या, आनि पयलाच सवाल, तुमच्यातली इंदू कोण? आमाला काय कळंना. मग म्हनाल्या, जिच्या पोटात दुखतंय की सगळ्यांनी माझ्याच दारात यावं, दुसऱ्या कुणाच्या जाऊ नये, अशी बाई हुडका. खोकं तिच्याच घरी ठेवा. ती एकीला बी गोळी चुकवू देत न्हाई. आमच्या इंदूसारखी. आमच्यात चिठ्ठी न्हाई काढत काकी, सगळ्या माझ्याकडं बोट करून हसल्या. तवापासनं मी इंदू. माझी सासू बी मला इंदूच म्हनती." आणि मग म्हणाली, इचलकरंजीतही एक इंदू आहे, ती मुमताज. कागलकडं एक आहे.

शालन, माझ्या हातातला घास हातात राहिला.

म्हणजे सगळं ठाऊक होतं तुला. उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडं बघितलंस तेव्हाच कळलं होतं की मला गोळ्या नको होत्या, तू हवी होतीस. आणि माझी ती जळकी खोड तू फेकून दिली नाहीस. पोलक्यातनं उरलेल्या कापडासारखी जपून ठेवलीस आणि गावोगावी तिच्या पिशव्या शिवल्यास. तुझे उपकार कसे मानू? आणि कसे नको मानू?

पण ऐक. रडून झाल्यावर मला पुन्हा तुझा रागच आला. इंदू मी होते. एकटी. आता चंदगडला एक, इचलकरंजीला एक, कागलला एक. माझं सखू तर तू आधीच वाटून टाकलं होतंस, आता इंदूही वाटलंस. माझ्यासाठी काय ठेवलंस गं? आणि पारूला मी काय म्हणाले माहीत आहे? "चंदगडची इंदू होशील, मंगळवार पेठेची न्हाई." ती म्हणाली, "न्हाई काकी, तेवढी टाप न्हाई माझी." पोरगी बरी आहे. तिनं पिशवीतनं काजू काढले, मी एक तोंडात टाकला. बरे असतात.

आता खोकं माझ्याकडंच आहे. या महिन्याची चिठ्ठी काढायला कुणाचा हात होईना, म्हणून सगळ्या म्हणाल्या, असू दे इंदूकडं. सकाळी येतात, पाण्याचा तांब्या भरून ठेवते, एकेकीला गिळायला लावते. सुजाता म्हणाली, "मावशी, आईची पिशवी काढून ठेवू का?" मी म्हणाले, हात लावू नको. दोन निळ्या पिशव्या शेजारी शेजारी आहेत, एकीला गाठ आहे. राहू दे. तांब्यातली तुझी चिठ्ठीही मी काढू दिलेली नाही. निघाली तर निघाली. मग खोकं तुझ्या घरी ठेवू आणि मी रोज सकाळी गल्ली ओलांडून येईन, सगळ्यात शेवटी येईन आणि सगळ्यात शेवटी जाईन.

आणि महाग गोळी चांगली की स्वस्त, हे मला अजून पुरतं पटलेलं नाही. घेते मी ही, रोज घेते, पण भांडण मिटलेलं नाही असं समज.

आमच्यात माणूस गेलं की दहाव्याला कावळा शिवतो. न शिवला तर कळतं, काहीतरी राहिलंय, मग आम्ही विचारतो, बाबा काय राहिलं, करू, सांग. तुमच्यात ते नाही. तू हसायचीस त्याला, म्हणायचीस, "माझं काय राहिलं ते कावळ्याला कशाला सांगू? तुला सांगीन की." मग सांग. मी कुणाला विचारू आता?

येतो गं, म्हणून गेली आहेस. जाते म्हणाली असतीस तर गोष्ट वेगळी. तर ये. स्वप्नात ये, नाहीतर अशीच दारात उभी राहा. सकाळी ये, गोळीच्या वेळेला, बाकीच्या उठून गेल्या की. चहात साखर कमी घालते. उशीर करू नको, उकळून काळा होतो.

आणि आधी माझ्याकडं ये. चंदगडला मग जा.